मुसाफिराचा पेला

थर्मास हवाय ना तुला? ने की. कॉफी भर, साखर भर, काय हवं ते भर. पण जेलिला, दोन मिनिटं टेक आधी. दार लोटून घे आणि तो दिवा जरा इकडे सरकव. आत टीव्ही चालू आहे खरा, पण बघणाऱ्याचे कान फार तिखट आहेत.

तू पहिल्यांदाच नवऱ्याबरोबर गाडीने गावी निघालीस, आणि जाणार त्याच सावा नदीच्या पुलावरून. म्हणून सांगते. नाहीतर एवढ्या दिवसांत मी तोंड उघडलेलं नाही. उघडून करू काय? लोक म्हणतील, फिक्रेताच्या डोक्यावर परिणाम झाला. झाला असेलही. तू ऐक आणि मग ठरव.

गेल्या जानेवारीत आमच्या रिफेतचं ऑपरेशन ठरलं होतं. हृदयाची झडप बदलायची होती. इथल्या, ऑस्ट्रियातल्या लिंत्सच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "ही तारीख चुकवू नका. पुढची उन्हाळ्यात मिळेल, पण तोवर हे हृदय दम धरेल असं मी म्हणणार नाही." आणि ह्या बाबाचं काय, तर आई पाहिजे! आई उशाशी असल्याशिवाय मी टेबलावर चढणार नाही म्हणे. पन्नाशीचा घोडा, पण आईचं नाव निघालं की शेंबडं पोर. मी म्हटलं, अरे त्यांना बसने बोलवू. नको. विमानाने? तर सासूबाई म्हणाल्या, माझे पाय जमिनीवरून सुटले तर मी वरच्या वर कलमा वाचून मोकळी होईन. झालं! शेवटी मीच गाडी काढली. हाही हट्टाने बरोबर आला. गेलो, त्यांना घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जेवून परत निघालो. सकाळी रिफेतला दाखल करायचं होतं. रात्रीपर्यंत लिंत्स गाठलं की सुटलो, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सासूबाईंचा मोतीबिंदू पिकलेला, दिसत काही नाही, पण चालूपणा विचारू नकोस. युरोपात, म्हणजे युरोपियन युनियनमध्ये, मांस आणि दुधाचं काही नेता येत नाही, हे त्यांना वीस वर्षं सांगतेय. ह्या बाईने धुरी दिलेल्या मांसाचा भलामोठा तुकडा जुन्या बनियनमध्ये गुंडाळला, उशीखाली ठेवला आणि त्या उशीवर ठाण मांडून बसल्या.

"आई, तू अंडी उबवतेयस असं दिसतंय," रिफेत म्हणाला.

"गप रे. कस्टमवाला म्हातारीला उठवतोय होय?"

असे हसतखेळत निघालो होतो बघ आम्ही.

नदी जवळ आली तसं धुकं लागलं. सावाचं धुकं तुला काय सांगायचं, तू तिकडचीच. पण त्या दिवशीचं काही वेगळंच होतं. भर दुपारी दिवे लावावे लागले. काचेवर ओल, नाकात चिखलाचा वास, आणि पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. सुट्ट्या संपलेल्या, त्यामुळे जर्मनीवाले, ऑस्ट्रियावाले, स्वित्झर्लंडवाले, सगळे एकदमच परत निघालेले. आपल्या बाजूच्या नाक्यावर शिक्का पटकन बसला. मी खूश झाले, म्हटलं, नशीब जोरावर आहे. आणि पुलावर चढले तर काय! समोर गाड्याच गाड्या. पलीकडच्या, क्रोएशियाच्या नाक्यापर्यंत रांग तुंबलेली.

आता अडकलो. मागच्या नाक्याने आम्हाला देशाबाहेर काढलेलं, पुढच्याने अजून आत घेतलेलं नाही. ना इकडचे, ना तिकडचे. खाली नदी, तीही दिसत नव्हती. नुसता आवाज यायचा, कुणी ओली गोधडी फरपटत नेल्यासारखा.

माझा जीव टांगणीला लागला. मी स्टिअरिंगवर बोटं आपटत होते, दर मिनिटाला मान बाहेर काढून बघत होते. काचा धुरकटायच्या म्हणून खिडक्या उघड्याच ठेवल्या होत्या. आणि तोंड चालू होतं, रिफेतवर. "आईला आणूया, आईला आणूया! आता इथेच कर ऑपरेशन!"

"फिक्रेता, तू गाडी चालवतेस तेव्हा आधीच अल्लाला ओव्हरटाइम पडतो. आता निदान उभी आहेस, तेवढं तरी त्याला बसू दे."

"दात काढू नकोस. सकाळी काय होणार आहे माहीत आहे ना?"

"रांग आहे गं, रांगच आहे. लग्नासारखी. शिरता येतं, बाहेर पडता येत नाही. मग ओरडायचं कशाला?"

असं आमचं तास-दीड तास चाललं होतं. मी ओरडतेय, तो हसवतोय, मधूनच आईला विचारतोय, अंडी उबवून झाली का गं? अख्ख्या पुलाने ऐकलं असेल.

आणि मग सासूबाईंना कॉफीची आठवण झाली.

घरी त्या कशी कॉफी मांडतात तुला ठाऊक आहे. आपल्या सगळ्यांकडे तशीच मांडतात. माणसं तीन असली तर पेले चार. तो एक जास्तीचा मुसाफिराचा. आपल्यात मुसाफिर म्हणजे पाहुणा, वाटसरू, जो कोणी दारात येईल तो. दारात आलेल्याला, थांब हं, पेला आणते, असं म्हणायची वेळ येऊ नये म्हणून तो आधीच भरून ठेवायचा. चांगली रीत आहे. माझी आईही तसंच करायची. मीही करत होते.

सासूबाईंनी थर्मास उघडला. टोपलीतून बिनकानांचे छोटे पेले काढले, आमच्या दोघांच्या हातांत दिले, एक स्वतःला घेतला. चौथा भरला आणि बाजूच्या रिकाम्या सीटवर, पुठ्ठ्यावर ठेवला. सवयीने. तोंडाने म्हणाल्यासुद्धा, "ये बाबा, जो कोणी असशील तो."

मी वैतागले. "आई, इथं कोण येणार आहे पुलावर?"

"असू दे गं. रीत ती रीत."

कॉफी अर्धी झाली नसेल तोच रिफेतने पेला खाली ठेवला. म्हणाला, "जरा हवा खाऊन येतो. रांग कुठवर आहे तेही बघतो." मी म्हटलं, लांब जाऊ नकोस. त्याने टोपी घातली, दोन पावलं टाकली आणि धुक्यात दिसेनासा झाला. त्याचा पासपोर्ट माझ्याकडेच होता. गाडी चालवणाऱ्याने सगळ्यांचे पासपोर्ट एकत्र द्यायचे असतात ना, म्हणून.

आणि नेमकी तेव्हाच रांग हलली. इतका वेळ ढिम्म आणि आता एकदम दहा-बारा गाड्या सुटल्या. मागचा हॉर्नवर हॉर्न. मी खिडकीतून ओरडले, "रिफेत! अरे रिफेत!" मी रडकुंडीला आले. एवढ्यात मागचं दार उघडलं, कोणीतरी धपकन बसलं, दार लागलं.

"पुढे ये की. मागे कशाला बसलास?" मी म्हटलं.

मागचा ड्रायव्हर तर आता शिव्याच घालत होता. मी गाडी दामटली. आरशात बघितलं. रिफेतच होता. टोपी कपाळावर ओढलेली, डोकं काचेला टेकलेलं, डोळे मिटलेले. चेहरा राखेसारखा. कपाळावरून पाणी निथळत होतं.

"भिजलास कसा रे?"

नाहीच बोलला. रुसला असेल म्हटलं. मी कमी बोलले होते का त्याला?

नाक्यावरच्या खिडकीत मी तीन पासपोर्ट दिले. तरुण पोलीस होता. त्याने वाकून आत बघितलं, मोजलं. तीन पासपोर्ट, तीन माणसं. "साहेब, टोपी काढा." रिफेतने हळूहळू टोपी काढली. पोलिसाने फोटो बघितला, तोंड बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं. मग ठाप ठाप शिक्के.

पुढे कस्टमवाला. "मांस, चीज, सिगारेट, दारू?"

"काही नाही."

त्याने नाक वर केलं. "आजी, जरा उठता का?"

सासूबाई उठल्या. गेलं मांस. तो म्हणाला, "माझी आईपण अशीच आहे," आणि बनियनसकट तुकडा पेटीत टाकला. एरवी सासूबाईंनी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती.

पंपापाशी मी गाडी थांबवली. युरोपात शिरलो एकदाचे! जीवात जीव आला. मागे वळून म्हणणार होते की ये आता पुढे, तेवढ्यात माझा फोन वाजला.

स्क्रीनवर नाव... रिफेत.

मी उचलला. हो, तोच आवाज. खणखणीत, हसरा.

"काय गं, कुठे गेलीस मला टाकून? मी पुलावरच आहे की. धुक्यात गाडीच सापडेना."

जेलिला, मी आरशात बघितलं. मागे तो बसलेला होताच. डोळे मिटून.

"तू... कुठे आहेस म्हणालास?"

"पुलावर. मधोमध. पासपोर्ट तुझ्याकडे, मी ना पुढे जाऊ शकत ना मागे. ये ना लवकर. गारठून मरेन मी इथं."

मी फोन खाली केला. वळले. मागच्याला विचारलं, "रिफेत... तुझा फोन कुठाय?"

त्याने डोळे उघडले. ओठ हलले, पण आवाज नाही. हात खिशात गेला, चाचपडला, आणि रिकामा बाहेर आला.

त्या रिकाम्या हाताकडे मी बघतच राहिले.

"सूनबाई..." सासूबाई पुटपुटल्या. त्या अगदी दाराला चिकटून बसल्या होत्या. "त्याचा हात... मघाशी लागला मला. बर्फ आहे बर्फ. आणि हा पेला बघ... रिकामा आहे. मी भरला होता. कोण प्यालं?"

"तुम्ही नाही?"

"नाही. हा आला तेव्हा रिकामाच होता... पोरी, माझी चूक झाली. घरात मांडलं तर दारातून येणारा येतो. पुलावर कुठलं दार? मी कोणाला बोलावलं गं? त्या नदीत दर वर्षी परक्या देशांतली पोरं बुडतात, पलीकडं जाण्यापायी. ना नाव, ना पासपोर्ट. त्यांतलाच कोणी..." आणि मग जे म्हणाल्या ते एका आईने म्हटलं, हे लक्षात ठेव. "हा माझा रिफेत नव्हे."

आता तूच सांग, मी काय करायला हवं होतं? माझा नवरा तिकडे थंडीत, कमजोर हृदयाचा, सकाळी ऑपरेशन. आणि त्याच्या पासपोर्टावर दुसराच कोणी शिरून मागे बसलेला. मी पोलिसाकडे गेले असते तर तो म्हणाला असता, बाई, तीन पासपोर्ट, तीन माणसं, शिक्का बसलाय, तुमचा नवरा गाडीत आहे. कागदोपत्री रिफेत युरोपात आलाच होता. पुलावर जो उभा होता, तो कुणीच नव्हता.

मी गाडी वळवली. पुन्हा तोच नाका, ह्या वेळी बाहेर जाण्याच्या रांगेत. तिथे एक पोलीसबाई होती. "आत्ताच आलात ना?" तिने विचारलं.

"सामान विसरलं."

तिने मागे टॉर्च मारला. तिच्या कपाळाला आठी पडली. "हे ठीक आहेत ना? डॉक्टर बोलवू का?"

"नको नको, गाडी लागलीय," मी म्हटलं. मला वाटत होतं, हिला कळलंय. हिने ओळखलंय की हा माणूस नाही.

पुलावर ह्या बाजूला गाडी नव्हती. सगळी गर्दी पलीकडच्या रांगेत, आणि तीही धुक्यात गडप. मधोमध गाडी उभी केली. तिथे थांबायला परवानगी नाही, पण कोण बघतंय? मी उतरले, मागचं दार उघडलं.

"उतर," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. छातीवर हात होता. "फिक्रेता..." एवढंच बोलला, कसंबसं, फुग्यातली हवा फुसकन निघावी तसं.

"माझं नाव घेऊ नकोस. उतर!"

आणि तो उतरला, बाई. भांडला नाही, अंगावर आला नाही. दार धरून एक पाय टाकला, मग दुसरा. कठड्याला टेकून उभा राहिला. मी त्याच्याकडे पाठ केली आणि धुक्यात हाक मारली.

"रिफेत!"

"आलो."

एक आवाज नव्हता तो. पुढून, मागून, कठड्यापलीकडून, पार खालून... कितीतरी आवाज. "आलो... आलो... आलो गं..." सगळे वेगवेगळे. कोवळे, जाडे, आपली भाषा नीट न येणारेसुद्धा. सगळे रिफेत.

मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. धुक्यात पावलं वाजायला लागली. ओली पावलं, चपचप... पळून जावं तर माझा माणूस त्यांतच कुठेतरी! कसा ओळखायचा? जिभेवर आलं ते मी ओरडले, जे रोज ओरडते तेच. "दात काय काढतोयस गाढवा, सकाळी ऑपरेशन आहे ना!"

पावलं थांबली. मग अगदी जवळून, हसत,

"फिक्रेता, तू गाडी चालवतेस तेव्हा अल्लाला ओव्हरटाइम पडतो बघ."

मी हंबरडाच फोडला. गेले आणि गळ्यात पडले. त्याचा कोट, त्याची टोपी, हातात त्याचा फोन. आणि ऊब! अंग कसं उबदार लागत होतं. पुढच्या सीटवर बसवला त्याला. सासूबाईंनी मागून हात पुढे करून गाल चाचपला आणि रडायलाच लागल्या. "गरम आहे. माझं लेकरू गरम आहे."

आपल्या बाजूच्या नाक्यावर जाऊन, वळसा घालून, परत त्याच पुलावर आलो. रांग आता विरळ झाली होती. मधोमध आलो तेव्हा कठड्याशी तो अजून उभा होता. नाही, बसला होता आता. त्याने हात वर केला आमच्या गाडीकडे बघून. बस थांबवायला हात करतात ना, तसा.

"बघू नकोस," शेजारून रिफेत म्हणाला. "चल तू."

मी गाडी जोरात काढली.

पलीकडे मघाचाच तरुण पोलीस होता. तीन पासपोर्ट, तीन माणसं. ठाप ठाप. त्याने रिफेतकडे बघितलं आणि म्हणाला, "आता बरं दिसतंय की!"

सकाळी हॉस्पिटलात नेलं. हा चालत गेला. जिने चढून गेला! महिनाभर ज्याला दोन पायऱ्यांवर धाप लागत होती, तो माझी पिशवी घेऊन माझ्यापुढे वर. मला तरी तेव्हा काही सुचलं का? मी म्हटलं, धीर आलाय, आई आलीय ना. ऑपरेशनच्या आधी पुन्हा एकदा सगळ्या तपासण्या करतात. त्या झाल्या. मग दुसऱ्यांदा झाल्या. मग डॉक्टर स्वतः बाहेर आले, चेहरा गोंधळलेला.

"बाई, मला समजत नाही. आधी मी स्वतः तपासलंय ह्यांना. पण आज... ह्या हृदयाला काहीही झालेलं नाही. झडप धडधाकट. विशीतल्या पोराचं हृदय असावं तसं. ऑपरेशनची गरजच नाही. घरी न्या."

आजूबाजूच्या बायकांनी मला मिठ्या मारल्या. एकीने चॉकलेट वाटलं. मी त्या बाकावर बसले ती उठताच येईना.

मी स्वतः वृद्धाश्रमात काम करते, जेलिला. बारा वर्षं. ज्याचं हृदय बंद पडायला आलंय तो माणूस कसा दिसतो, हे मला नाही तर कोणाला ठाऊक असायचं? राखेसारखा चेहरा. गार पडलेले हात. दरदरून घाम. शब्द फुटत नाही. ताठ बसवत नाही म्हणून सापडेल तिथे डोकं टेकतो. फोन हातून कुठे पडला ते कळत नाही. पुलावर कळ आली आणि कसाबसा परत येऊन सापडेल त्या दारातून आत बसला, तो माझा रिफेत होता. आजारी होता म्हणून तर तो होता! आणि त्याला मी... त्याच्या आईने आणि मी...

आणि ओव्हरटाइमचं म्हणशील, तर खिडक्या उघड्या होत्या. तास-दीड तास आम्ही भांडत होतो. ज्याला ऐकायचं त्याने ऐकलं.

मी गेले होते ना परत! त्याच रात्री, एकटीच, वेड्यासारखी गाडी हाणत. सकाळी पोचले तर ऊन पडलं होतं. पूल लख्ख. कठड्याशी कोणी नाही. दोन्ही नाक्यांवर विचारलं. एकच उत्तर: रिफेत अमुक, पासपोर्ट नंबर अमुक, परवा तुमच्याबरोबर आत गेले, त्यानंतर नोंद नाही. तो हरवलाय असं सांगायचं तर कसं? तो घरी सोफ्यावर बसला होता.

सासूबाई आठवडाभरही राहिल्या नाहीत. आल्या दिवसापासून त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही त्यांनी. जाताना माझ्या कानात म्हणाल्या, "त्याला दुखवू नकोस. तोही कुणाचा तरी मुलगा आहे."

दुखवत नाही. आणि तो वाईट नाही गं. कामावर जातो, भांडी घासतो, माझ्यासाठी खाली जाऊन पाव आणतो. फक्त त्याची उशी मला रोज उन्हात टाकावी लागते, चिखलाचा वास जात नाही. आणि हसवतोही. अंडी उबवण्याचं, ओव्हरटाइमचं, लग्नाच्या रांगेचं. तेवढेच तीन विनोद. त्या दुपारी पुलावर केलेले. माझा रिफेत दिवसाला दहा नवे करायचा. ह्याला चौथा येत नाही.

तर थर्मास ने तू. कॉफी पी. पण पुलावर पेले मांडताना माणसं मोज, आणि तेवढेच भर. तुझी सासू काही म्हणाली तरी.

काय? नाही, आणखी एक आहे. ते सांगायचं की नाही, कळत नाही मला.

फोन येतो. नंबर दिसत नाही. धुकं पडलं की येतो, कधी कधी मी बाजारात असते, कधी कामावर. परवा इथेच होते, ह्या खुर्चीत. उचलला. आधी नुसतं धापा टाकणं. मागे गाड्यांचे हॉर्न. मग त्याचा आवाज, कसाबसा, एकेक शब्द ओढत...

"फिक्रेता... हॉस्पिटलात सांग ना... थोडा उशीर होईल म्हणावं... तारीख कुणाला देऊ नका... पुढे आता चारच गाड्या आहेत..."

मी काही बोलणार, तेवढ्यात आतून ह्याने विचारलं, "कुणाचा फोन गं?"

आणि फोनमधला धाप दाबून अगदी हळू म्हणाला, "घरी कोण आहे?"